हाक आली तरी

सोमवार, ५ ऑगस्ट

पोचले एकदाची! शिलाई मशीन, दोन ट्रंका आणि मी, असं सगळं सामान टेम्पोवाल्याने दारात उतरवलं आणि वर ताईच्या हातचा चहा पिऊन गेला. ताई मला पाहून आधी हसली, मग रडली, मग मशीनचा पाय पायरीवर आपटला म्हणून टेम्पोवाल्यावर ओरडली. म्हणजे ताई होती तशीच आहे. मला अजून 'शेपूट' म्हणते. लहानपणी सारखी तिच्यामागे फिरायचे, त्याचं हे बक्षीस. मीही तिला 'ताईडे' म्हणायचं सोडलेलं नाही.

घर बैठं आहे, पण ऐसपैस. स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगर इतका जवळ दिसतो की हात लांबवला तर गवत उपटता येईल. पुढची खोली मला मिळाली. मशीन खिडकीशी लावलं. गजांमधून रस्ता दिसतो आणि पलीकडे चढावर शाळेचं मैदान. घरात भावजी, त्यांची आई आणि माझी भाची ठमी. आजींचे पाय गेलेत, जीभ मात्र धडधाकट आहे. ठमी वयाने पाच वर्षांची, बोलण्यात पन्नाशीची. एकटीची खोली सोडून निघताना दोनदा मागे वळून पाहिलं होतं. उगाचच.

गुरुवार, ८ ऑगस्ट

इथे येताच काम मिळालं, तेही सगळ्या गल्लीचं! पावसाने डोंगर भुसभुशीत झालाय आणि कधीही घरं सोडायला सांगतील, म्हणून दर घरी एक पिशवी भरून दाराशी ठेवायची आहे. भावजी गल्लीचे प्रमुख, म्हणून पिशव्या शिवायचं काम मेहुणीकडे. वशिला असावा तर असा. जाड कापड, खांद्याला रुंद पट्टा, आतून मेणकापडाचा कप्पा कागदपत्रांसाठी. आमच्या पिशवीत बॅटरी, आजींच्या गोळ्या, शिट्टी, बिस्किटं, स्वेटर आणि ठमीची बाहुली. बाहुलीशिवाय ती उंबरा ओलांडणार नाही म्हणे. ही रोजनिशीही त्यातच ठेवायची ठरवलंय.

बाहेरच्या कप्प्यात कापूस. मी तो औषधांच्या डबीत ठेवायला गेले, तर ताईने माझ्या हातातून घेऊन परत बाहेर ठेवला. तो पटकन हाताशी लागला पाहिजे म्हणाली. सगळ्याच शेजाऱ्यांनी तो कप्पा आवर्जून सांगितलाय. एवढं कोणाला लागणार-खुपणार आहे, कोण जाणे.

बैठकीच्या भिंतीला एक भेग आहे. भावजींनी तिच्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवलीय. जमीन सरकली की काच तडकते. ठमी येता-जाता तिच्यावर फुंकर मारते.

रविवार, ११ ऑगस्ट

आज सराव झाला. सकाळी भोंगा वाजला आणि सगळी गल्ली मैदानाकडे निघाली. भावजी आणि शेजारचे प्लंबर यांनी आजींना खुर्चीसकट उचललं. आजी वरून दोघांना शिव्या देत होत्या, मला हसू आवरेना. मैदानावर प्रत्येक घराचा एक दोर, त्याला गाठी, आपापली गाठ धरून उभं राहायचं. मग सगळ्यांनी कानांत कापूस घातला आणि घरांकडे पाठ करून शाळेच्या भिंतीकडे तोंड केलं. भावजींनी मला आधीच बजावलं होतं: एकदा बाहेर पडलं की परत जायचं नाही, कोणीही हाक मारली तरी.

मला वाटलं कापूस भोंग्यासाठी. मी घातला नाही.

भोंगा थांबला. थोड्या वेळाने आमच्या घरातून ताईची हाक आली. नेहमीसारखी, घाईतली. "शेपटे, मशीन झाकायचं राहिलं गं!"

मी वळलेसुद्धा. तेवढ्यात कोणीतरी माझं मनगट घट्ट धरलं. ताईनेच. ती माझ्या शेजारी उभी होती. तिचे ओठ मिटलेले होते.

सोमवार, १२ ऑगस्ट

ताई म्हणते, मला भास झाला. म्हणाली आणि भांडी घासता घासता रडायला लागली.

मग आजींनीच मला जवळ बसवून सांगितलं. मागे एकदा डोंगर खाली आला तेव्हा सगळे बाहेर पडले होते. घरातून आजींची हाक आली आणि आजोबा त्यांना आणायला धावले. आजी तेव्हा त्यांच्या मागे, दोन माणसं सोडून उभ्या होत्या. त्या ओरडेपर्यंत आजोबा आत गेले होते. त्या दिवशी गल्लीतल्या बऱ्याच घरांतून हाका आल्या. काही खिडक्यांत हात हलताना दिसले, म्हणून आता पाठ करून उभं राहायचं. कोण बोलावतं ते त्यांना ठाऊक नाही. एवढंच ठाऊक आहे की घर रिकामं झालं की ते बोलायला लागतं.

मग इथे राहताच कशाला, असं मी भावजींना स्पष्टच विचारलं. पलीकडे नवी घरं बांधून होत आलीत, महिन्याभरात ताबा मिळेल, तोवर जाणार कुठे, असं म्हणून ते चप्पल घालून बाहेर गेले.

मला परत जायला खोली उरलेली नाही. आणि ताईला इथे टाकून मी जाणारही नाही.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

पाऊस थांबत नाही. काल ठमीला एक नवं गाणं शिकवलं, मीच रचलेलं, बटणांचं. आज दुपारी भावजी आजींना दवाखान्यात घेऊन गेले, ताई त्यांच्याबरोबर. ठमी आणि मी दुकानातून दोरा घेऊन आलो. कुलूप काढत होते. आतून गाण्याचा आवाज आला. बटणांचं गाणं. ठमीचा आवाज.

ठमी माझं बोट धरून उभी होती. तिने वर पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, मावशी, आत मी आहे का?

ताई येईपर्यंत आम्ही दोघी पावसात फाटकाबाहेर उभ्या राहिलो.

रविवार, १८ ऑगस्ट

आता आम्ही घर रिकामं सोडतच नाही. कोणीतरी एक जण राहतं. ताई माझ्याशी बोलताना आधी माझ्या तोंडाकडे बघते, ओठ हलतात का ते. मीही तिच्याकडे तसंच बघते.

शिवायला बसले की कान मागच्या खोलीकडे लागतात. टाका सरळ येत नाही.

मंगळवार, २० ऑगस्ट

सकाळी काच तडकली. ठमीने आधी पाहिलं. भोंगा लगेच वाजला. या वेळी सराव नाही.

मैदानावर आहोत. कानांत कापूस, गुडघ्यावर वही. डोंगराचा वरचा भाग सुटलाय, मागची दोन घरं गेली. लोक गल्लीतून येतच आहेत, धक्काबुक्की, चिखल. हात गुंतलेला असला की बरं वाटतं म्हणून लिहितेय.

ठमीची गाठ रिकामी आहे. ताई तिला शोधायला गर्दीत गेलीय. भावजी पलीकडे. घरातून ठमीचा आवाज येतोय, कापसातूनसुद्धा. रडतेय. मावशी, माझा पाय अडकला. मला माहीत आहे ते काय आहे. माहीत आहे. पण ठमी कुठेच नाही. आणि ती खरंच आत असली तर —

मी आता घरात आहे. पुढची खोली.

ठमी नव्हती. सगळ्या खोल्या पाहिल्या. मागून चिखल आत आला, जमीन उचलली गेली, चौकट तिरकी झाली. दार हलत नाही. खिडकीला गज.

ठमी मैदानावर आहे. प्लंबरच्या बायकोने तिला कडेवर घेतलंय. मला इथून दिसतेय. सगळे दिसताहेत. सगळ्यांच्या पाठी.

हाका मारतेय. कोणी वळत नाही. आम्ही असंच शिकवलंय एकमेकांना.

ताईच्या हातात माझी गाठ आहे. तिची पाठ गदगदतेय. मी गजांतून हात बाहेर काढला, ओढणी हलवली — ताई वळली — पाहिलं तिने — भावजींनी तिला धरून पुन्हा भिंतीकडे —

मागच्या खोलीतून कोणीतरी बोलतंय. चिखल भरलाय तिथे, कोणी असूच शकत — माझा आवाज. ताईला हाका मारतोय. घाबरलेला नाही. लाडात आल्यासारखा. ताईडे, दार सापडलं गं, तू फक्त बाहेरून ढकल.

ताईने दोर सोडला.

भावजी चिखलात पडलेत, ती उतारावरून पळत — कानांतला कापूस काढतेय — नको, ताईडे, नको येऊस, मागे जा — मी ओरडतेय येऊ नकोस, ते ओरडतंय ये — दोन्ही माझेच आवाज, तिला कसं कळणार कुठला —

फाटकाशी आली. थांबलीय. खिडकीकडे बघतेय, माझ्या ओठांकडे. ताईडे, बघ, नीट बघ, मी म्हणतेय जा, परत जा, मी म्हणते