सीमेवरचं सगळं घेऊन जा

१० ऑगस्ट, रविवार
ही वही माझी. लिहिते वैभवी, माझी नात, कारण मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. अट एकच. सांगितलं तेवढं लिहायचं, मधात डोकं लावायचं नाही. वाचणार कोण, असं तिनं विचारलं. कोणीच नाही म्हटलं. वाचायचंच असतं तं मी शिकली नसती का.

आज रजतचा फोन आला. रजत म्हणजे वैभवीचा मोठा भाऊ, फौजेत आहे, वर सीमेवर. दर रविवारी दुपारी तिथल्या फोनवरून लावते. तीन मिनिटं भेटतात, मागं लाईन उभी असते. फोन माझ्याच नंबरवर यायचा. दुसऱ्या कोणाच्या नंबरवर लावला तं माझी शपथ, असं मी त्याले निघतानाच सांगून ठेवलं. घरात मोठी मी आहे.

अडीच मिनिटं मी बोलली. उरलेलं सगळं कौशल्याले दिलं, म्हणजे त्याच्या आईले. ती हॅलो म्हणेपर्यंत कटला. नेटवर्कचा दोष.

ठराव: पुढच्या रविवारी आधी कौशल्या.
दुसरा ठराव: काळजी करायची नाही. मी करतच नाही, फक्त लिहून ठेवला.

१७ ऑगस्ट, रविवार
आधी तिलेच देणार होती. पण पोरानं पहिलंच विचारलं, आजी, गुडघा कसा आहे. आता विचारलंच आहे तं अर्धवट सांगून कसं चालन. गुडघे दोन आहेत. दुसऱ्यावर आली तोवर वेळ संपली.

कौशल्या पोळ्या लाटत बसली. आज पोळ्या फारच पातळ झाल्या.

ठेवता ठेवता तो म्हणे, इकडं जरा गडबड आहे, जागा बदलू शकते. मले काही वाटलं नाही. रात्री जेवली नाही ते वांग्यामुळं.

२० ऑगस्ट, बुधवार
टीव्हीवर सीमेवरचं दाखवून राहिले. मी पाहत नाही. आवाज बंद करून पाहते, ते पाहणं नव्हे. वैभवी म्हणे, आजी, हेच सकाळपासून तिसऱ्यांदा आहे. मी म्हटलं, मले खालचं वाचता कुठं येते, मले दर खेपेले नवीनच वाटते.

२३ ऑगस्ट, शनिवार, संध्याकाळी
मारबत पाहून आली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरची सगळी पीडा या बांबू-कागदाच्या बाईच्या अंगावर घालायची, ढोलताशात मिरवायची आणि नेऊन जाळायची. रजतसाठी नाही गेली. शेजारची प्रेमिला गर्दीत हरवली असती म्हणून गेली. ती सत्तर वर्षांची, जन्म मिरवणुकीच्या वाटेवरच्या गांधीबागेतलाच.

फोन पिशवीत घेतला होता. शनिवारी तो काही लावत नाही. आपला नियम म्हणून घेतला.

सगळे ओरडून राहिले होते, रोगराई घेऊन जा गे मारबत, खोकला-खासी घेऊन जा गे मारबत. मीही ओरडली, सीमेवरचं सगळं घेऊन जा गे मारबत. तीन खेपा. प्रेमिला म्हणे, हळू वं, तिले ऐकू येते, तू काहून घसा फाडून राहिली.

आज पोटभर जेवली.

२४ ऑगस्ट, रविवार, सकाळी
चहा पिता पिता ध्यानात आलं. सीमेवरचं सगळं, असं म्हटलं मी. सगळं. सीमेवर तं रजतही आहे.

मारबतीले एवढं कळत असन. शंभरावर वर्षं झाली तिले हे काम करून.

दुपारी. फोन नाही.
संध्याकाळी. फोन नाही. लाईन मोठी असन.

२६ ऑगस्ट, मंगळवार
प्रेमिलाकडे गेली, सहजच. मी त्या दिवशी नेमकं काय बोलली ते विचारलं. तिनं शब्दन्‌शब्द सांगितलं. दोन वर्षांपासून या बाईचे कान कामातून गेले, नेमके त्याच दिवशी चांगले होते. बोललेलं वापस घेता येते का, विचारलं. म्हणे, पुढच्या वर्षीच्या मारबतीले सांग.

पुढच्या वर्षी.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
कौशल्यानं फोन मागितला. पाहू द्या, म्हणे, काही आलं-गेलं असन. दिला नाही. हिनं बटणं दाबली आणि नेमका तेव्हाच आला तं? ती म्हणे, आई, तो माझाही आहे. मी म्हटलं, मी कधी नाही म्हटलं.

झोपताना फोन उशीखाली ठेवते. चोरीचं भ्या फार वाढलं आहे.

३१ ऑगस्ट, रविवार
फोन नाही.

जिथं मारबत जाळली तिथं ऑटोनं जाऊन आली. भाजी घ्यायले. राख पावसानं कधीच वाहून गेली होती. तरी उभी राहून खुलासा केला, की रजत सोडून. ओळखायले चूक नको म्हणून सगळं सांगितलं. उंच, सावळा, उजव्या भुवईवर खोक, लहानपणी पाळण्यातून पडला होता. ऑटोवाला विचारे, आजी, कोणाशी बोलून राहिल्या. फोनवर, म्हटलं.

भाजी राहिलीच.

७ सप्टेंबर, रविवार
आला.

पहिलं वाक्य पाठ केलं होतं, आधी आईशी बोल बाबा. तोंडातून निघालं, जिता आहेस का.

तो हसला. म्हणे, वरच्या चौकीवर पाठवलं होतं, तिथं फोन नाही, आजच खाली उतरलो. निघायच्या आधी एका दोस्ताची पाळी मागून शनिवारीच लावला होता. तीन खेपा. पुरी रिंग गेली, कोणी उचलला नाही. पंधरा दिवस वर बसून त्याच्या डोक्यात एकच, आजीले काही झालं तं नाही.

मग आईच्या नंबरवर काहून नाही लावला, विचारलं. म्हणे, तूच तं शपथ घातली होती.

शनिवारी कुठं होती, विचारे. झोपली होती, म्हटलं.

कौशल्या बाजूलेच उभी होती. शनिवारी काय होतं ते तिले माहीत आहे. तिनं हात पुढं केला. मी फोन दिला. एक मिनिट तं नक्कीच उरलं होतं. तिनं त्याचं नाव घेतलं आणि नुसती ऐकत राहिली.

८ सप्टेंबर, सोमवार
आजपासून फोन कौशल्याजवळ. मीच दिला. तिनं मागितला म्हणून नाही.

शपथ वापस घेतली. ती घेता येते.

वाट पाहायचं काम आता तिचं. मी मोकळी. दिवसभर तिच्या खोलीत बसते, कारण तिथला पंखा जोरात फिरते. वैभवी म्हणे, आजी, लाईट सकाळपासून गेली आहे. तिले म्हटलं, सांगितलं तेवढं लिही.