वल्ह्यांचं गाणं

४ मार्च
आज लेकीच्या घरी मुक्काम हलवला. खोली लहान, पण उजेड भरपूर. टेबल अगदी खिडकीपाशी. माझा वेळ जावा म्हणून जावईबापूंनी समुद्री चाच्यांचा एक व्हिडिओ गेम लावून दिला. त्यात आपणच कप्तान. नाक-डोळे, टोपी, सगळं आपण निवडायचं. उभ्या आयुष्यात ठेवायची छाती झाली नाही ती दाढी मी पोटापर्यंत सोडली. सहा वर्षांची नात म्हणाली, आजोबा, जेवण सगळं दाढीच खाईल. हसून हसून ठसका लागला.

जहाज मात्र हलेना. वल्हेकऱ्यांचा म्होरक्या, तांडेल, हेडफोनमधून म्हणाला, गाण्याशिवाय आमची माणसं वल्हं उचलत नाहीत. मग मी माइकमध्ये चौथीच्या पुस्तकातली होडीची कविता म्हटली, थेट गुरुजींच्या चालीवर. काय सांगू! सगळे तीच म्हणत वल्हवू लागले. डोळे भरून आले.

७ मार्च
नातीला ती कविता शिकवायला बसलो, तर एक ओळ आठवेना. वय झालं, म्हटलं. लेकीला विचारलं, लहानपणी वेणी घालून घेताना ती रोज माझ्याकडून म्हणवून घ्यायची. तिने विचारलं, कुठली होडी, बाबा?
वय काही तिचं झालेलं नाही.

१० मार्च
खात्री करावी म्हणून जहाजावर पाखरांची कविता म्हटली. संध्याकाळपर्यंत तीही गेली. शाळासोबत्याला फोन केला. तो म्हणाला, असली कविता आपल्याला नव्हतीच, काहीतरीच तुझं.
खेळ बंद करणार तोच तांडेल बोलला. कविता पुरे. आता नाव हवं. तुमच्या घरात दिवसभर ज्या नावाने हाका मारतात, ते.
वायर उपटली.

११ मार्च
बंद यंत्रातून वल्ह्यांचा आवाज. यंत्र कचऱ्यात टाकून आलो. आता आवाज भिंतीतून येतो.
घरात बजावलं, पोरीला नावाने हाक मारू नका, नुसतं बाळ म्हणा. जावई हसले, खेळ आहे बाबा, किती मनावर घ्याल. लेक हसली नाही. डॉक्टरांना दाखवू या म्हणते.

१३ मार्च, सकाळ
शाळेला उशीर होत होता. लेकीने जिन्यातून हाक मारली. नावाने. दोनदा. तिच्या तोंडावर हात ठेवायला मी धावलो—
वल्ही थांबली.

दुपार
पोर कुठाय, विचारलं. लेक माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, कोणती पोर, बाबा? आपण तिघंच तर—
दाराशी इवलेसे बूट. जावयांनी पिशवीत भरले. कुणाचे कोण जाणे, म्हणाले.

नंतर
भिंतीत गाताहेत. एकच शब्द. तिचाच. माझ्या ओठांवर आहे अजून— सुटतोय— कागदावर उतरला तर निदान कुणीतरी वाचून हाक—
लिहितो. आत्ताच. तिचं नाव—