रिळाची ओवाळणी

६ ऑक्टोबर

नक्की झालं — खोट आमच्याच चिपमध्ये! पेटी तापली की चिप गपगार. चिपा पट्टीवर बसवून रिळात गुंडाळून जातात; त्या लॉटची सगळी रिळं तशीच. आणि लॉट गेलाय कुठे? लातूरला, अनिमेषच्या कारखान्यात! माझा सख्खा धाकटा भाऊ. शेतातल्या मोटारीच्या मोबाइल स्टार्टरच्या पेट्या बनवतो. फोन लावायचा, मोटार चालू. आता फोन लावा नाहीतर आरती करा, मोटार ढिम्म.

मीटिंगमध्ये बजावलंय — नोटीस निघेपर्यंत बाहेर ब्र काढायचा नाही. काढला की नोकरी गेली. समोरच्या कॅलेंडरवर मात्र छापलंय, ‘पार्टनर कारखान्यांच्या सदैव पाठीशी’. कंपनीचंच कॅलेंडर!

९ ऑक्टोबर

अनिमेषचा फोन. “ताई, लई ताप झालाय. रेणापूरहून पेट्या परत यायला लागल्यात. दुपारी बंद, सांजच्याला आपोआप चालू. पुनमचं सोल्डरिंगच कच्चं हाय, दुसरं काय?”

मी म्हटलं, हं. नुसतं हं! स्वतःचीच लाज वाटली.

पुनम बोर्डावर चिप बसवते. मागे गेले होते तेव्हा तिनं भिंगाखाली दाखवलं होतं. किती नीटनेटकं काम! आणि तिचं घर तिच्याच पगारावर चालतं.

१३ ऑक्टोबर

सिद्रामप्पा सरांशी बोलले. बंगळुरूचे आमचे साहेब, मूळचे सीमेवरच्या भालकीचे, मराठी छान बोलतात. म्हटलं, सर, आपल्या चिपपायी लातूरला पुनम नावाच्या बाईची नोकरी जाईल, निदान त्या कारखान्याला तरी आधी कळवू या. म्हणाले, “मॅडम, नियम सगळ्यांना एक. तपासणी पुरी होऊ द्या.”

थंड माणूस! फ्रिजातली शिळी भाजी बरी. त्या रागात दोन भाकरी करपल्या.

१७ ऑक्टोबर

अनिमेष म्हणतो, दिवाळी तोंडावर आहे म्हणून थांबलोय. दिवाळी झाली की पुनमला सांगणार, येऊ नको.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज, लातूर

ओवाळलं. अनिमेषनं साडी पुढे केली. मोरपंखी, फार सुरेख. मी हात मागे घेतला.

म्हटलं, साडी नको. दोन गोष्टी दे. नवं रीळ बाजूला ठेव, कपाटातलं जुनं वापर. आणि पुनमला काढू नकोस. कारण विचारायचं नाही.

वहिनी हसली — “दरसाल साडीचा रंग नापसंत, यंदा थेट रीळच!” अनिमेष हसला नाही. मग हळूच म्हणाला, “बरं.”

त्यानं खरंच काही विचारलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

३० ऑक्टोबर

जुन्या रिळाच्या पेट्या व्यवस्थित चालतायत. पुनम कामावर आहे.

६ नोव्हेंबर

निघाली एकदाची नोटीस! सगळ्या कारखान्यांना रिळं बदलून मिळणार. अनिमेषचा मेसेज आला — नुसते जोडलेले हात.

१० नोव्हेंबर

मेले! कंपनीनं प्रत्येक कारखान्याला विचारलं, हा लॉट वापरणं कधी थांबवलं. अनिमेषनं भाबडेपणानं खरं ते कळवलं — भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे नोटिशीच्या आधी! आता चौकशी, आतून कोणी सांगितलं म्हणून.

सिद्रामप्पा सरांचा फोन. एवढंच विचारलं, “मॅडम, तुमचं माहेर लातूर ना?” हो म्हटलं. “आणि त्या बाईचं नाव पुनम?” हो. फोन ठेवला.

राजीनामा लिहून ठेवलाय. नवल म्हणजे जीव शांत आहे. केलं ते केलं. पुनमची नोकरी तरी राहिली.

१३ नोव्हेंबर

चौकशी मिटली!! चौकशीवाल्यांनी कारखान्यात फोन लावला, तर पुनमनं स्वतः सांगितलं — तापल्यावर चिप बंद पडते हे माझ्याच लक्षात आलं, मीच साहेबांना रीळ थांबवायला लावलं. अनिमेषनंच पढवलं असणार. काय डोकं चालवलं पोरानं!

वरचे सगळे खूश. पुनमचा सत्कार करायचा म्हणतात. कंपनीतर्फे शाल-श्रीफळ घेऊन लातूरला कोणी जायचं? मी!

तिची नोकरी वाचवली, वर मानही मिळवून दिला. आज मी स्वतःवर भलतीच खूश आहे.

१७ नोव्हेंबर, लातूर

शाल घालताना पुनम कानाशी लागली. “ताई, मला त्यातलं काहीबी कळलं न्हवतं. मला कुणी सांगाय लावलं ते आमच्या साहेबाला बी ठाव न्हाई. ते तुमचे भालकीचे साहेब हायत न्हवं, त्यांचा फोन आला. म्हणले, बाई, एवढं तुमच्या नावावर घ्या, न्हाई तर आमच्या मॅडमची नोकरी जाईल. मी म्हणलं, हाव.”

सगळे टाळ्या वाजवत होते. नारळ माझ्या हातातच राहिला.