सेजलसाठी राखलेलं पेट्रोल

कुडपण,
४ ऑगस्ट २०२४

चि. अक्षय यास बापाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनला रेंज नाय, म्हणून शेजारच्या महिपतच्या हाती पत्र टाकतोय. सेजल पहिल्या बाळंतपणाला आलीय. पुढच्या महिन्यातली तारीख हाय. तुझी बहीण आपल्याच व्हॅनमधनं पोलादपूरच्या दवाखान्यात जाणार.

पण मेली गाडी चढावर दम टाकते. पोलादपूरच्या पंपावरचं पेट्रोलच भिकार, दुसरं काय? म्हणून महाडला दुसऱ्या कंपनीच्या पंपावर गेलो नि भारीतलं, जास्त ऑक्टेनचं पाच लिटर आणलं. पंपावरचा म्हणाला, याने गाडी पळते. एवढं महागाचं रोज कोण जाळतो? पडवीत कॅनमध्ये ठेवलंय. झाकण बसत नाय, वर फडकं बांधलंय. सेजलच्या दिवशीच ओतणार.

आय तुझी आठवण काढते. माया असू दे.

भागोजी

भांडुप,
१२ ऑगस्ट २०२४

ती. बाबांस अक्षयचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोकं धरून बसलो. पाच वर्षं गॅरेजात हात काळे करतोय, आणि तुम्ही पंपावरच्याचं ऐकता! ऑक्टेन म्हणजे ताकद नाही. दाबाखाली पेट्रोल वेळेआधी पेटू नये, एवढाच त्याचा उपयोग. आपल्या व्हॅनला साधंच लागतं. भारीतलं घालून जोर वाढत नाही, आणि कंपनी बदलूनही नाही. दम टाकते ती प्लगमुळे नाहीतर कचरा भरलेल्या फिल्टरमुळे. प्लग पाठवतोय, बसवून घ्या.

आणि त्या कॅनला हात लावू नका. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं, ते तळाशी बसतं आणि टाकीत गेलं की इंजिन बंद पडतं. सुट्टी मिळत नाही, नाहीतर आलो असतो. सेजलला म्हणावं, चिंचा कमी खा.

राग मानू नये, लोभ ठेवावा.

अक्षय

कुडपण,
९ सप्टेंबर २०२४

चि. अक्षय यास आशीर्वाद.

सेजलला मुलगी झाली. दोघी सुखरूप हायत, हे आधी सांगतो.

तुझं पत्र मिळालं होतं. पोरगा बापाला शिकवतो म्हणून रागानं फडताळात टाकलं, प्लगही त्याच्यासंगं. कळा सुरू झाल्या नि मी कॅन टाकीत ओतला. तिसऱ्या वळणावर गाडी धक्के मारून बंद. स्टार्टर मारून मारून बॅटरी बसली. सेजल आयचा हात धरून ओरडत होती, नि मी पुढची सीट उचलून इंजिनाकडं नुसता बघत उभा. अर्ध्या तासानं महिपत आला. त्याची गाडी आपल्या गाडीपरीस जुनी, पेट्रोल पोलादपूरचंच साधं. तो घेऊन गेला. दवाखान्यात पोचल्यावर दहा मिनिटांत पोर झाली.

चूक माझी, कबूल. रस्त्यावर आधी तुला शिव्या दिल्या, मग स्वतःला. पण अक्षय, तू सगळ्या मुंबईच्या गाड्या उघडतोस. बापाची गाडी दोन वर्षांत एकदा उघडून बघितली नायस.

रविवारी बारसं हाय. मामा लागतोस. आता पत्र नको पाठवू, पाना घेऊन ये.

लोभ होता तेवढाच हाय.

तुझा बाप,
भागोजी