लॉर्नाच्या खोलीतली ऊब

३ नोव्हेंबर
टॉडमॉर्डन गावातल्या डंकनच्या घरी सामान लागलं. डंकनने माझी हत्यारांची पेटी स्वतः वर नेली आणि म्हणाला, बायकोपेक्षा तिचे पानेच जड. घर तापवायची सोय जुन्या पद्धतीची: स्वयंपाकघरात पाणी तापवणारा बॉयलर, खोल्याखोल्यांत भिंतीला गरम पाण्याचे रेडिएटर, माळ्यावर उघडी छोटी टाकी, तिच्यावर वाकलेली हवेची नळी. रोज दुसऱ्यांच्या घरी मी हेच दुरुस्त करते, त्यामुळे घर ओळखीचं वाटलं. शेजारच्या ऑग्डनबाई आल्याचा केक घेऊन आल्या. म्हणाल्या, पोरी, लॉर्ना असताना हे घर कसं भट्टीतल्या पावासारखं असायचं. लॉर्ना डंकनची पहिली बायको, माझ्याच धंद्यातली. हे सगळे पाइप तिने जोडलेले. तिला जाऊन तीन वर्षं झाली. मी सांधे पाहिले. चांगले आहेत.

७ नोव्हेंबर
आमच्या खोलीतला रेडिएटर वरच्या बाजूला गार. आत अडकलेली हवा सोडली, दुसऱ्या दिवशी परत भरली. लॉर्नाच्या शिवणाच्या खोलीतला मात्र बंद असूनही चटका देतो. डंकन हसून म्हणाला, लॉर्नाला हे चहा गार व्हायच्या आत जमायचं. मी म्हटलं, मग तिलाच बोलाव. तो हसायचा थांबला.

१० नोव्हेंबर
माळ्यावरची टाकी कोमट लागली. ती गार असायला हवी. हवेच्या नळीतून पाणी टाकीत सांडत होतं आणि हवा आत ओढली जात होती. कारण सरळ: टाकीतून खाली येणारा गार पाण्याचा पाइप जोडापाशी गाळाने तुंबलेला. पाणी काढून तेवढा तुकडा कापला. आत काळा गाळ, आणि तांबूस केसांचा लांब गुंता. माझे केस काळे, आखूड. डंकनने तो गुंता नळाखाली धुतला, रुमालात गुंडाळला, खिशात ठेवला. मी नवा तुकडा जोडला.

१३ नोव्हेंबर
दुरुस्ती बरोबर आहे. तरी आमची खोली गार, तिची गरम. डंकन आता तिथेच झोपतो. म्हणे, इकडे पाठ धरते. आज तो कामावर गेल्यावर तिच्या खोलीतला रेडिएटर काढून टाकला. सगळं पाणी सोडायला नको म्हणून आमच्या धंद्यातली नेहमीची युक्ती: माळ्यावर दोन रबरी बुचं, एक टाकीतल्या गार पाण्याच्या पाइपला, एक हवेच्या नळीला. पाणी जागच्या जागी अडून राहतं. बुचं असताना बॉयलर पेटवायचा नाही. फुगलेल्या पाण्याला, वाफेला वाटच उरत नाही, बॉयलर फुटतो. म्हणून बॉयलरचा फ्यूज काढून खिशात ठेवला.
दुसरं बूच बसवताना नळीतून उसासा आला. मग घर गप्प झालं.

१४ नोव्हेंबर
बुचं काढली नाहीत. काढली की लॉर्ना पुन्हा श्वास घेईल. घर बर्फासारखं झालंय, पण डंकन माझ्या शेजारी झोपला. थंडीमुळे का होईना.

१६ नोव्हेंबर
रेडिएटर नाही, तरी तिच्या खोलीची भिंत गरम. डंकन भिंतीला गाल लावून उभा होता. मला पाहूनही हलला नाही —

१७, दुपारी
बॉयलर पेटलाय. फ्यूज माझ्या मुठीत आहे. पाइप हातोडा मारल्यासारखे वाजताहेत — बुचं काढायला हवीत — माळ्याच्या शिडीला हात लावला, भाजला —
डंकन खाली, बॉयलरला पाठ टेकून. ओरडून सांगितलं, बाहेर पड. तो वर बघत लाडाने म्हणाला, आली बघ गं ऊब, लॉर्ना.
मला पळता येईल. पण मग तो तिचाच —
हाताला कापड गुंडाळून चढते. त्याने पुन्हा लॉर्ना म्हणून हाक मारली. मी ओ देणार नाही, माझं नाव घेईपर्यंत —
माळ्यावरून कोणीतरी ओ दि