बिबट्याला हाक मारण्याविषयी

मळ्यातून, ता. संगमनेर
फेब्रुवारी १९९७

तीर्थस्वरूप नानामामांना,

शोभाचा वाकून नमस्कार. (खरं म्हणजे अर्धाच वाकून. गेल्या महिन्यात पाटाच्या कडेवरून घसरले तेव्हापासून कंबर पुरती वाकत नाही. राहिलेला नमस्कार खर्ड्याला येईन तेव्हा करीन.) आपला डोळा आता कसा आहे? थेंब घालता ना? मामींच्या पत्रात वाचलं की आपण पुन्हा सकाळी किल्ल्याकडे चालत जायला लागलात आणि हिरवा चष्मा मात्र घरी विसरता. तो विसरू नका. आम्ही इथे खुशाल आहोत, म्हणजे आता आहोत. मध्यंतरी खुशाली जरा इकडेतिकडे झाली होती, आणि तिचा उगम आपल्यापाशीच असल्यामुळे सगळं सविस्तर कळवणं माझं कर्तव्य आहे.

आपल्याला माहीतच आहे की शाळेतून निवृत्त झाल्यावर ह्यांनी सावेडीचा फ्लॅट मुलाच्या हवाली केला आणि आम्ही ह्या मळ्यावर राहायला आलो. (सावेडीत रिक्षांचा आवाज फार, म्हणून.) शेजारी हवालदार रंभाजी यांचं रान आहे. पलटणीतून निवृत्त झालेला, ताठ चालणारा माणूस. त्यांचा ऊस आणि आमचा ऊस लागूनच, मधून फक्त पाटाचं पाणी जातं. ह्या पाण्याच्या पाळीवरून गेल्या उन्हाळ्यात ह्यांचं आणि हवालदारांचं वाजलं आणि बोलणं बंद झालं. त्यांच्या भागिरथीबाईंचं आणि माझं मात्र चालू राहिलं, कारण दळण दोघींनाही आणायचं असतं आणि गिरणी गावात एकच आहे.

दिवाळी झाली आणि उसात बिबट्या आला. पहिल्यांदा कुणी विश्वास ठेवला नाही, पण शेजारच्या वस्तीवरच्या राहीबाईंच्या दोन शेळ्या गेल्या आणि कुत्री दिवेलागणीनंतर भुंकेनाशी झाली, तेव्हा सगळ्यांचा विश्वास बसला. मग खरी पंचाईत झाली. ऊसतोडणीची टोळी येऊन कडेला पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, घालून बसली, पण आत पाऊल टाकेना. त्यांचं काही चुकलं नाही. टोळीतल्या बायका तोडायला जातात तेव्हा तान्ही पोरं फडाच्या कडेला झोळीत टांगलेली असतात. मुक्ताबाई म्हणून त्यांच्यातली पुढारी बाई आहे, ती सरळ म्हणाली, “ऊस वाळला तर वाळू द्या, बाई. लेकरू काय परत उगवत न्हाई.” मी त्यांना चहा दिला.

मग वनखात्याचे कानिफनाथ पिंजरा घेऊन आले. मागच्या कप्प्यात शेळी बांधायची, पुढचं दार उघडं ठेवायचं, अशी ती व्यवस्था. शेळी राहीबाईंनीच दिली, पण खायला-प्यायला त्या स्वतः घालणार, ह्या अटीवर. त्यामुळे शेळी इतकी गुबगुबीत झाली की तिला पिंजरा मानवला असंच म्हणायला हवं. बिबट्या येऊन पिंजऱ्याभोवती फिरून जायचा. पावलं दिसायची. एकदा तर दारासमोर बसून गेल्याची खूण होती. शेळीनं त्या दिवशीही चारा सोडला नव्हता.

हे सगळं ऐकून तुमच्या भाचेजावयांना आठवलं की डोळ्याच्या ऑपरेशनला आपण सावेडीला आमच्याकडे होतात, तेव्हा पट्टी बांधलेल्या अवस्थेत आपण त्यांना जुन्या काळी, शिकारीवर बंदी यायच्या आधी, बिबट्याला हाक कशी मारत ते सांगितलं होतं. (मी तेव्हा स्वयंपाकघरात होते, पण ऐकत होते. मी नेहमीच ऐकत असते.) शिकार आता करायची नाही, पण हाक मारून जनावर पिंजऱ्याकडे आणलं तर त्यात वाईट काय, असा ह्यांचा विचार. विचार चांगला होता. विचार करून ते तिथंच थांबले असते तर हे पत्र डोळ्याच्या थेंबांवरच संपलं असतं.

सुरुवात करडाच्या आवाजानं केली. दोन अंगठ्यांमध्ये उसाचं पान ताणून धरायचं आणि फुंकायचं, म्हणजे चुकलेलं करडू ओरडतंय असं वाटतं, हे आपण सांगितलेलं. तीन-चार दिवस घरात नुसतं फुरफुर चाललं, आणि मग एका संध्याकाळी एकदम हुबेहूब जमलं. पिंजऱ्यातल्या शेळीनं लगेच उत्तर दिलं. पाठोपाठ राहीबाई कुऱ्हाड घेऊन पळत आल्या आणि त्यांची समजूत काढण्यात अंधार पडला. त्यांनी करडाचा आवाज बंद करायला लावला. त्यांना सहन होईना, आणि खरं सांगायचं तर मलाही होत नव्हता.

राहता राहिलं मडकं. आपण सांगितल्याप्रमाणे ह्यांनी मडक्याच्या तोंडावर हलगीला असतं तसं कातडं ताणून बांधलं, मधोमध भोक पाडून सुतळी ओवली, आतून गाठ मारली आणि मडकं मांडीत धरून ओल्या बोटांनी सुतळी ओढली. मामा, तो आवाज आपल्या तोंडून ऐकताना गंमत वाटली होती. प्रत्यक्षात तो बाभळीच्या ओंडक्यावर कुणीतरी करवत चालवतंय आणि मधून मधून दम खातंय असा येतो. तो ऐकता ऐकता माझं गॅसवरचं दूध उतू गेलं. पण मला तेव्हापासून एक प्रश्न पडलाय तो पडलाच आहे. दुसऱ्या बिबट्याचा आवाज ऐकून बिबट्या येतो तो नेमका कशासाठी? भांडायला, लग्न जमवायला, की नुसतं कोण आलंय ते बघायला? हे म्हणाले, “हद्दीसाठी.” पुरुषांना सगळं हद्दीसाठीच वाटतं. (पाण्याच्या पाळीचं वर लिहिलंच आहे.)

पहिल्याच संध्याकाळी उत्तर आलं. ह्यांनी थोडं वाजवलं, आपण सांगितलं तसं विड्याचं पान चघळून होईपर्यंत थांबले, आणि पाटाच्या पलीकडून, उसाच्या पोटातून, अगदी तसाच करवतीचा आवाज आला. हे घरी आले ते जेवेनात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ह्यांनी आवाजावरून अंदाज बांधला की नर आहे, ऐन उमेदीत आहे, स्वभावानं संशयी आणि हट्टी आहे. वाऱ्याची दिशा बघायला हे राख उडवायचे. (ती माझ्या वाळवणावर पडायची.) रोज तो थोडा जवळ येतोय असं म्हणायचे. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं तेव्हा एकाही प्रयोगाच्या वेळी मी त्यांचा चेहरा इतका उजळलेला पाहिला नव्हता, म्हणून मी अडवलं नाही.

मग एके दिवशी संध्याकाळी गिरणीवर वीज आली म्हणून मी दळण घेऊन गेले. भागिरथीबाई पुढे उभ्या होत्या. चेहरा काळजीचा. मी विचारलं तर म्हणाल्या, “आमच्या हवालदाराला बिबट्या जबाब देतोय, बाई.” पलटणीत असताना डोंगरातल्या कुणा जवानानं हवालदारांना मडकं वाजवायला शिकवलं होतं म्हणे, आणि पिंजऱ्यात जनावर येत नाही म्हटल्यावर त्यांनीही तेच काढलं होतं.

“कुठल्या बाजूनं जबाब येतो?” मी विचारलं.

“तुमच्या अंगानं. रोज दिवेलागनीला. आमचं म्हनत्यात, म्हातारा हाय त्यो. दम लागतोय त्याला. बहुतेक दात पडल्यात.”

मामा, ह्यांना त्या आठवड्यात खोकला झाला होता.

मी भागिरथीबाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला हसू येणार एवढ्यात त्या हळूच म्हणाल्या, “आज आत शिरनार हायेत. संगं कोयता घेतलाय.” आणि मला आठवलं, दुपारी पानाला चुना लावताना हे म्हणाले होते की बिबट्या पुढे येत नाही तर आज आपणच थोडं पुढे सरकावं. दळणाचे डबे तिथेच टाकून आम्ही दोघी निघालो. मी पाटाच्या कडेवरून घसरले ती ह्याच धावपळीत.

पाटाशी पोचलो तेव्हा दोन्ही करवती चालू होत्या. एक उजवीकडून, एक डावीकडून, आणि मध्ये फार ऊस उरला नव्हता. पाचट मोडल्याचा आवाज येत होता. मला कोयता दिसत नव्हता, पण तो आहे हे माहीत होतं, आणि ते न दिसणं फार वाईट होतं. भागिरथीबाईंनी पदर खोचला आणि हाक दिली, “अवं, थांबा, तिकडं मानूस हाय.”

बायकांच्या गलक्यानं जनावर बुजेल म्हणून हवालदार उसातून दबक्या आवाजात म्हणाले, “शूः.”

बिबट्यानं शूः म्हटलेलं ह्यांनी अगदी जवळून ऐकलं. विज्ञानाचे शिक्षक असल्यामुळे ह्यांना तिथं शंका आली. ह्यांनी विचारलं, “कोण आहे?” नंतर ऊस बाजूला झाला. इकडे हे गुडघ्यांवर, मडकं छातीशी धरलेलं. तिकडे हवालदार गुडघ्यांवर, मडकं बगलेत आणि कोयता हातात. त्यांनी कोयता हळूच मागे ठेवला.

“जय भीम, सर,” हवालदार म्हणाले.

“नमस्कार, हवालदार,” हे म्हणाले.

उन्हाळ्यानंतर हे त्यांचं पहिलं बोलणं. पुढचं बोलणं मडक्यांवर गेलं. ह्यांनी त्यांचं कातडं दाबून बघितलं, त्यांनी ह्यांची सुतळी ओढून बघितली, आणि शेळीचं कातडं बरं की बोकडाचं ह्यावर दोघं तिथेच बसून बोलायला लागले. शेवटी मी आठवण करून दिली की खरा बिबट्याही इथेच कुठेतरी राहतो.

तो राहत होताच. सकाळी कानिफनाथ आले, त्यांना आम्ही सगळं सांगितलं. त्यांनी हसू दाबलं आणि जमीन बघायला उसात गेले. बाहेर आले तेव्हा हसू नव्हतं. त्यांनी आम्हाला बोलावून ओल्या मातीतले दोन खड्डे दाखवले आणि विचारलं, “सर, हे गुडघे तुमचे ना?” गुडघ्यांच्या खुणांवर पंजे उमटले होते. हे रांगत पुढे गेले आणि तो मागून चालत आला होता. तिथून तो पाट ओलांडून हवालदारांच्या मागे गेला होता. आणि मग मध्ये, जिथून दोघंही दिसतील अशा जागी, तो बसला होता. “बराच वेळ बसलेला दिसतोय,” कानिफनाथ म्हणाले. “ही बघा, शेपटी हलवलीय.”

हे बांधावर बसले. शेजारी हवालदार बसले. ह्यांनी पाणी मागितलं ते आधी हवालदारांना दिलं. मी त्या दिवशी ह्यांच्या सोललेल्या गुडघ्यांना हळद-तेल लावत होते तेव्हा ह्यांनी माझा हात धरून ठेवला. (हे मामींना दाखवू नका.)

गोष्ट टोळीत पोचायला वेळ लागला नाही. मुक्ताबाई आधी इतकी हसली की तिला कोपीच्या मेढीचा आधार घ्यावा लागला, मग येऊन पावलं बघून गेली आणि विचारात पडली. शेवटी म्हणाली, दोन म्हातारी मानसं गुडघ्यावर हिंडली तरी त्यानं नख लावलं न्हाई, मग आमी उभ्या मानसांनी गलका करत गेलो तर त्यो कशाला थांबतोय. फक्त पोरं फडाजवळ ठेवायची नाहीत असं ठरलं. ती आमच्या पडवीत झोपवली, राखायला मी आणि राहीबाई. कानिफनाथांनी सांगितल्याप्रमाणे नदीकडची बाजू मोकळी सोडून टोळीनं दोन बाजूंनी तोड धरली. बिबट्या कधी गेला कुणी पाहिलं नाही. कालव्याच्या भरावावर पलीकडे जाणारी पावलं तेवढी सापडली. ऊस कारखान्याला गेला, पिंजरा गाडीत चढवला, शेळी घरी गेली आणि म्हणे आता साध्या चाऱ्याला तोंड लावत नाही.

ह्यांना आणि हवालदारांना मी एकत्र बसवून स्पष्ट सांगितलं की ह्या वयात हे खूळ पुरे, आणि मडकं ह्या घरात पुन्हा वाजणार नाही. दोघांनी माना खाली घालून ऐकलं. आपणही मोठेपणानं ह्यांना दोन शब्द लिहावेत, आणि इथून पुढे पट्टी बांधलेली असताना अशा विद्या कुणाला देऊ नयेत, ही नम्र विनंती.

मामींना नमस्कार. चष्मा विसरू नये.

आपली भाची,
शोभा

ता. क. हवालदार आणि हे आता रोज एकत्र असतात. पाण्याच्या पाळीचं कसं मिटलं ते दोघांनाही नीट सांगता येत नाही.

ता. क. दुसरा. वर मी जे लिहिलं ते सगळं खरं आहे, फक्त पत्र लिहिण्याचं कारण ते नाही. काल हे आणि हवालदार दोघंही एस.टी.नं नगरला गेले होते. संध्याकाळी मी आणि भागिरथीबाई पडवीत, जाळीचं दार लावून, शेंगा निवडत बसलो होतो. मडकं कोपऱ्यात होतं. ते मला टाकून द्यायचंच होतं, पण टाकण्याआधी एकदा ओढून बघितलं. दुसऱ्यांदा जरा बरं आलं. मग मी थांबले, पान चघळून होईपर्यंत. (पान नव्हतं, शेंगा होत्या.) कालव्याच्या पलीकडून उत्तर आलं. मामा, ती करवत मडक्याची नव्हती. तिच्यात श्वास होता. भागिरथीबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं ते ठेवलंच. ह्यांची आणि हवालदारांची एस.टी. त्यानंतर कितीतरी वेळानं आली. आम्ही त्यांना काहीही बोललो नाही.

तरी कृपा करून उलट टपाली कळवावं: उत्तर आल्यावर पुढे काय करायचं असतं? आणि नराचा आवाज कुठला, मादीचा कुठला? आपण ह्यांना तिथपर्यंत सांगितलंत आणि नेमकी मीच औषध घेऊन आले होते. पत्र माझ्या नावानं पाठवा आणि सुरुवातीला पानभर डोळ्याविषयी लिहा, म्हणजे हे पुढे वाचणार नाहीत.

ता. क. तिसरा. आपलं उत्तर येईपर्यंत आम्ही मडक्याला हात लावणार नाही, असं इथे लिहिणार होते. पण भागिरथीबाई शेजारी बसल्या आहेत, त्या म्हणतात, वडिलधाऱ्या मानसाला खोटं कशाला लिवायचं.