पिवळ्या ओळींचा माल

अण्णा,

धाकट्या भावानं शेवटी दुकानात सॉफ्टवेअर घेतलं. दोन माणसं आली, चहा झाला. चिंचोळीच्या गोडाऊनमधून टॉवेलची गाठ हलली की भवानी पेठेतल्या दुकानात शिल्लक आपोआप कमी होते, हे त्यांनी लॅपटॉपवर दाखवलं आणि हा म्हणाला, "बसवून टाका." संध्याकाळच्या आत सगळं ठरलं. हेच तुमच्याकडे मागण्यात माझी किती वर्षं गेली ते तुम्हालाच ठाऊक, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

मी सासरहून कायमची परत आले तेव्हा तुम्ही एका शब्दानं काही विचारलं नाही. काही दिवसांनी दुकानातून निरोप आला, खाली ये म्हणून. गादीशेजारी एक खोकं होतं, त्यात कॉम्प्युटर. "कॉन्व्हेंटात शिकलीस, तुला येईल की," एवढंच म्हणालात. सिस्टरांनी मला इंग्रजी शिकवलं होतं, टंकलेखन शिकवलं होतं, एक्सेल नव्हतं शिकवलं. ते मी चुकत चुकत शिकले. चादर, टॉवेल, नॅपकिन. माल आला, माल गेला, शिल्लक. तुम्ही माझ्या खुर्चीमागे उभे आहात, चष्मा कपाळावर. मी आकडा घालते, शेवटच्या रकान्यातली शिल्लक बदलते, आणि तुम्ही म्हणता, "परत कर बघू." मी परत करते. नव्या टॉवेलांच्या खळीचा वास आणि तुमच्या हसण्याचा आवाज, दोन्ही अजून जसेच्या तसे आहेत. त्या दिवसाबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण तुमची पद्धत शीटमध्ये बसत नव्हती. जुनं गिऱ्हाईक फोनवर म्हणायचं, अण्णा, लग्नाचा माल बाजूला ठेवा, आणि तुम्ही म्हणायचात, "ठेवला." चिठ्ठी नाही, इसार नाही. माल गोडाऊनमध्येच असायचा, पण आपला नसायचा. शीटला हे कसं कळणार? म्हणून मी त्या ओळी पिवळ्या करायला लागले. पिवळं म्हणजे अण्णांचा शब्द गेलाय, हात लावायचा नाही. एक कॉम्प्युटर आणि एक मी होते तोवर ते चाललं. मग धाकटा दुकानात बसायला लागला. शीटची एक प्रत तो आपल्या फोनवरही घेऊन ठेवायचा, बाजारात फिरताना तिथंच आकडे भरायचा, आणि संध्याकाळी खरी शिल्लक कुठली यावर आमची वादावादी. फाईल इतकी फुगली की उघडेपर्यंत चहा निवायचा. मी तुम्हाला समजावून सांगितलं होतं, की दोघं जण एकाच वेळी भरायला लागले आणि शीट समोर असून खरा आकडा विचारायला फोन करावा लागला, म्हणजे शीटचे दिवस संपले. तुम्ही म्हणालात, "तू आहेस की." सॉफ्टवेअर विकायला आलेल्या माणसाला तर गिऱ्हाइकांदेखत सांगितलंत, "आमचं सॉफ्टवेअर हितं बसलंय. पगार बी मागत न्हाय." सगळे हसले. मीही हसले. खरं सांगायचं तर त्या वाक्यावर मी पुढं बरीच वर्षं काढली.

मग केम गावचे पाहुणे आले. तुमचे जुने स्नेही, मुलीचं लग्न, मानपानाचे टॉवेल तुम्ही त्यांना बोलून ठेवलेले. टेम्पो दारात उभा आणि माल नाही. धाकट्यानं शीट स्वच्छ करून घेतली होती. एवढे रंग कशाला म्हणून त्यानं सगळे काढून टाकले होते आणि तो माल हुबळीला रवाना केला होता. पाहुणे गादीवर टोपी हातात घेऊन बसलेले. तुम्ही मला हाक मारलीत.

"शीट कुणाची?"

"माझी."

"मग?"

धाकटा तिथंच, दाराला टेकून उभा होता. त्याला तुम्ही काही विचारलं नाही. शेवटी पाहुणेच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या अण्णा, लेकीला कशाला बोलताय. मी बगतो की दुसरीकडं." ते गेल्यावर मी पुन्हा सॉफ्टवेअरचं काढलं. तुम्ही "बघू" म्हणालात आणि चपला घालून निघून गेलात.

परवा ती माणसं गेल्यावर मी धाकट्याला म्हटलं, हे अण्णा असतानाच व्हायला हवं होतं, पण त्यांनी माझं ऐकलं नाही. तो चादरींच्या घड्या बघत होता. मान वर न करता म्हणाला, "मी पण म्हणालो होतो की अक्का, केमच्या भानगडीनंतर. अण्णाच नको म्हणाले. म्हणाले, ते आणलं तर ती दिवसभर करणार काय?" त्यानं हे मायेनंच सांगितलं. तुमच्या मायेची आठवण म्हणून.

तुम्ही चिक्कू आहात असं मी समजत होते. कधी वाटायचं, मशीनपेक्षा तुमचा माझ्यावर भरवसा जास्त. दोन्हींसोबत मला राहता आलं असतं. आई पोळ्या लाटताना लहान पोरीच्या हातात कणकेचा गोळा द्यायची, गप्प बसावी म्हणून. तसं होतं तर ते. पण अण्णा, त्या गोळ्याच्या पोळ्या सगळ्या घरानं खाल्ल्या. आणि खेळच होता, तर पाहुण्यांसमोर मला "मग?" कशाला विचारलंत? मी दिवसभर काय करणार, हे तुम्ही त्याला विचारलंत. मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. यंत्रमागवाल्यांकडे जाऊन चादरीचे काठ मी निवडले असते. हैदराबादच्या व्यापाऱ्यांशी मी बोलले असते. तेव्हा माझ्याकडे उत्तरं होती.

आता धाकट्याला माझ्याकडून सुरुवातीची शिल्लक हवी आहे, गोडाऊनची आणि दुकानाची, ती घातल्याशिवाय ते सॉफ्टवेअर सुरू होत नाही. शब्द दिलेल्या मालासाठी त्यात वेगळा रकाना आहे. मी दाखवून घेतला, चांगला आहे. एकदा भरलं की मग कुणालाही चालवता येईल, असं त्या माणसानं मलाच समजावून सांगितलं. धाकटा रोज येता-जाता विचारतो, "झालं का अक्का?" मी म्हणते, थोडं राहिलंय.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. काही राहिलेलं नाही. माल मोजून झालाय, आकडे जुळलेत, फाईल तयार आहे. ती दिल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी खाली दुकानात कशासाठी जायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.